भात सोडला, वजन उतरलं, आणि बार उचलेना: लो-कार्ब, जिम आणि कोकणातलं ताट

गलबत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ४१, उंची पाच फूट सात इंच, मुक्काम रत्नागिरी. बंदराजवळ बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्ची. दोन वर्षं नियमाने जिमला जातोय. आठवड्यातून तीन संध्याकाळी स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, प्रेस, रोइंग, बाकी फारसं काही नाही. ताकद वाढत होती, आणि पोटही इमानेइतबारे वाढत होतं. शिमग्यानंतर काटा ८९ किलो आणि टेप बेंबीपाशी १०२ सेंटीमीटर. पुरुषांसाठी आपल्याकडे ९० च्या आत असावी म्हणतात.

मग ठरवलं, भात बंद. आमच्या घरी दुपारी तीन वाट्या, रात्री दोन-तीन वाट्या, सकाळी घावणे नाहीतर तांदळाची भाकरी. एकदा वजनकाट्यावर माझी वाटी तोलली: शिजलेला भात १५० ग्रॅम, म्हणजे साधारण ४२ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, पिष्ट आणि साखर). सहा वाट्यांचे अडीचशे ग्रॅम, घावणे वेगळे. हे सगळं एका सोमवारी शून्यावर आणलं. मासे, अंडी, भाज्या, पनीर, खोबरं. दिवसाला ३०-४० ग्रॅम कार्ब. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

नऊ दिवसांत ३.२ किलो गेले. पेढे वाटायचेच राहिले होते, आणि ते खाता आले नसते ही गोष्ट वेगळी.

पण पाचव्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. घराकडची घाटी चढताना पोटऱ्यांत गोळे. आणि तिसऱ्या आठवड्यात जिममध्ये फजिती. ९५ किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) मी पाच-पाचचे पाच सेट करायचो, म्हणजे सलग पाच रेप, असं पाचदा. त्या दिवशी तिसऱ्या सेटला चौथ्या रेपला खाली बसलो तो बसलोच. दोन पोरांनी बार उचलून घेतला. पुढचे दोन आठवडे ८० वर काढले.

त्यात सहाव्या आठवड्यापासून काटाही हलेना. भात नाही, साखर नाही, भाकरी नाही, तरी महिनाभर ८५ चे ८५. शेवटी एक रविवार बसून जे जे तोंडात टाकलं ते लिहून काढलं. दुकानात गल्ल्यापाशी काजूची बरणी, कारण 'काजू चालतात'. दिवसाला शंभर ग्रॅम सहज, म्हणजे साडेपाचशे कॅलरी आणि वर ३० ग्रॅम कार्ब. आई वाटपासाठी नारळ खवायला बसली की अर्धी कवड माझ्या तोंडात. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी. शिवाय दाट सोलकढीचे दोन पेले. भात सोडून जेवढं वाचवलं तेवढं खोबऱ्याने परत घेतलं.

तेव्हापासून बदललं ते असं. काजू घरीच आणत नाही. जिमच्या दिवशी साडेपाचला उकड्या तांदळाची वाटीभर पेज, मीठ घालून. सातला जिम. आल्यावर माशाबरोबर एक वाटी भात. जिम नसेल त्या दिवशी पेज नाही, दुपारी एकच वाटी. म्हणजे कार्ब जिमच्या दिवशी १०० च्या आसपास, एरवी ७०. हा काही किटो (कार्ब अगदी नगण्य ठेवणारा आहार) नव्हे, पण स्क्वॉट परत आला. पाच सेटऐवजी तीन करतो, मागच्या आठवड्यात १०० चे पाच मारले. आज काटा ८१.५, कंबर ९३.

आता प्रश्न. माझं सगळं गणित मासळीवर उभं आहे. १ जूनपासून बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत बोटी नांगरून. बंदरावर चिटपाखरू नाही आणि माझ्या दुकानात गर्दी, कारण सगळे आत्ताच इंजिनं उघडतात. लगेच श्रावण, घरात अंडंसुद्धा येत नाही. मग गणपती. पुढचे दोन-अडीच महिने प्रोटीन कुठून आणू? आणि अजून पाच-सहा सेंटीमीटर जायला कार्ब आणखी कमी करू का?

---

गजालीकार

अरे बाबा, कोकणात रवान भात सोडलंस? तुझ्या आवशीन तुका घरात कसा घेतल्यान?

माझो आजो दोन टायम पेज नि भात खाय आणि नव्वद वर्सां जगलो. पण तो दिवसभर जोत धरी. तू खुर्चेर बसतंस. ह्या मी आपला सांगलंय.

---

हिशेबी

धागा आवडला. अनुभव लिहिताना आकडे देणारा माणूस आपल्याकडे विरळा.

पहिल्या नऊ दिवसांच्या ३.२ किलोंबद्दल थोडं निराश करतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ३.२ किलो चरबी जाळायला नऊ दिवसांत सुमारे साडेचोवीस हजारांची तूट लागेल, रोजची २७०० ची. तुमचं दिवसाचं एकूण जळणच त्याच्या आत-बाहेर असेल. नऊ दिवस निर्जळी केली असतीत तरी जमलं नसतं.

गेलं ते बहुतेक पाणी. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली कार्बची कोठी, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. भात बंद केला की ही कोठी रिकामी होते, पाणी निघतं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त टाकून देतात, त्याच्यामागे आणखी पाणी. डोकं ठणकलं आणि गोळे आले ते त्यामुळे. गणपतीत दोन दिवस मोदक खाऊन काटा दोन किलोने वर गेला तर तीही चरबी नसते. दोन्ही वेळा आपली फसवणूक एकाच ठिकाणी होते.

आता मुद्द्याचं. लो-कार्बमध्ये जादू नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ लोकांवर बारा महिने अभ्यास केला. अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कार्बचा. वर्षअखेर सरासरी ५.३ किलो विरुद्ध ६ किलो, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. एकेका गटाच्या आतला फरक मात्र प्रचंड, कुणी भरपूर उतरलं, कुणी उलट चढलं. तुम्हाला भात कमी करून कमी खाणं सोपं गेलं, म्हणून उतरलात. काजूच्या बरणीने तेच उलट बाजूने सिद्ध केलं.

---

नाचणीसत्त्व

+१ हिशेबी. पण 'फक्त कॅलरी' म्हणून हात झटकण्याइतकं ते साधं नाही, विशेषतः वजनं उचलणाऱ्याला.

मी चिपळूणची, वय ३६, तीन वर्षं बार उचलतेय. मीही दोन महिने कडक किटो करून पाहिलं. गंमत अशी झाली की डेडलिफ्टचे तीन-तीनचे जड सेट जवळपास तसेच राहिले. पण दहा-बारा रेपवाले सेट, लंजेस, स्प्लिट स्क्वॉट, त्यात सातव्या रेपला पाय विझायचे. दमणं वेगळं आणि हे वेगळं. हे म्हणजे स्टोव्हमधलं रॉकेल संपल्यासारखं.

कारण पुढे वाचनात आलं. आठ-दहा सेकंदांचा जोर स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटवर निघतो, त्याला भात लागत नाही. सेट तीस-चाळीस सेकंदांवर गेला की ग्लायकोजेन जळतं, आणि तेच तर आपण रिकामं केलेलं असतं. गलबतभाऊ पाच-पाचचे पाच सेट करत होते, म्हणजे पंचवीस जड रेप. पहिले दोन सेट निघाले आणि तिसऱ्याला अडकलात यात नवल नाही.

तुम्ही दोन गोष्टी बरोबर केल्यात, बहुधा नकळत. सेट कमी केलेत पण बारवरचं वजन उतरवून ठेवलं नाहीत. चरबी कमी करताना बहुतेक जण उलट करतात: वजन हलकं, रेप वीस-वीस, 'टोनिंग'साठी. शरीराला तूट असताना स्नायू राखायचं कारण द्यावं लागतं, आणि जड बार हेच ते कारण. दुसरं म्हणजे पेज जिमच्या आधी. जे काही शंभर ग्रॅम खायचेत ते दिवसभर शिंपडण्यापेक्षा जिमच्या मागेपुढे खाल्लेले उपयोगी पडतात, निदान माझा तरी अनुभव तसा आहे.

बायकांसाठी एक वेगळं. कार्ब आणि कॅलरी दोन्ही एकदम छाटल्या की पाळी पुढे जाते किंवा गायबच होते. माझी सात आठवडे आली नव्हती. अशा वेळी 'शिस्त' म्हणून पुढे रेटू नका. खाणं वाढवा, डॉक्टरला दाखवा.

अवांतर: माझं नाव वाचून दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून सांगून टाकते. नाचणी लो-कार्ब नाही. शंभर ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या जवळपास कार्ब आहेतच. चोथा जास्त, कॅल्शियम भरपूर, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण तांदळाची भाकरी सोडून नाचणीच्या तीन खाल्ल्या तर हिशेब तिथेच. उकडा आणि लाल तांदळाचंही तेच.

---

चाकरमानी_डोंबिवली

आमच्या ऑफिसात दोन पंथ आहेत. एक, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणारे. दुसरा, ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूपभात खाणारे. दोन्ही पंथांचे लोक बारीक झालेत आणि दोन्ही पंथांचे लोक होते तसेच आहेत. जेवणाच्या सुट्टीत मात्र एका टेबलावर बसत नाहीत.

माझा प्रश्न साधा. गणपतीला गावी देवगडला येणार, पाच दिवस. भजनं, रात्री आरत्या, प्रत्येक घरी प्रसाद. तिथे 'मी कार्ब मोजतो' म्हटलं तर वाडीत राहता येईल का?

---

हिशेबी

@चाकरमानी, मोजू नका. माझ्या आईच्या उकडीच्या मोदकाचं मी एकदा पाप केलं होतं, मोजायचं. वीसेक ग्रॅम तांदळाची पिठी, दहा-बारा ग्रॅम गूळ, वर खोबरं. एकामागे पंचवीस-तीस ग्रॅम कार्ब आणि तूप सोडल्यावर दोनशेच्या घरात कॅलरी. पाच खाल्ले तर एक जेवण झालं. ते जेवणच समजा, जेवणानंतरचं गोड नव्हे.

---

आगरातली

गुहागर. नारळ-सुपारीचं आगर, घर शाकाहारी, श्रावण काय आणि वैशाख काय आम्हांला सारखेच. त्यामुळे तुमच्या श्रावणाच्या रडगाण्याचं थोडं हसू आलं, रागावू नका.

मी ५२ ची. गुडघे बोलायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी डंबेल आणले. मुलाने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. आता १२ किलोचं एक-एक हातात घेऊन पडवीत स्क्वॉट करते. कामाला येणाऱ्या मावशी पहिल्यांदा बघून विहिरीकडे निघून गेल्या होत्या.

शाकाहारात तुमचे ३०-४० ग्रॅम कार्ब अशक्य, नादाला लागू नका. आमचं प्रोटीन येतं डाळी-कडधान्यांतून आणि त्यांत कार्बच अर्ध्याहून जास्त. कुळथाचं घ्या. शंभर ग्रॅममध्ये २२ ग्रॅम प्रोटीन ऐकायला छान वाटतं, पण ५७ ग्रॅम कार्बही आहेत. आणि शंभर ग्रॅम कुळीथ कोण खातंय? वाटीभर पिठीत पीठ पडतं जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन. मग त्या पिठीवर तीन वाट्या भात ओढला जातो, तो मूळ रोग.

मी करते ते असं: पिठी, वालाचं बिरडं, चवळीची उसळ, यांतलं काहीतरी दुपारी दोन वाट्या, आणि त्याच्याबरोबर भात अर्धी वाटी. आधी उसळीवर भात नव्हे, भातावर उसळ असायची. आता उलट. पनीर शंभर ग्रॅम, त्यात १८ ग्रॅम. दही दोन वाट्या, फडक्यात बांधून पाणी काढलेलं. सोयाचे वडे (जिमवाले चंक्स म्हणतात ते), कोरडे ५० ग्रॅम घेतले की २५ ग्रॅम प्रोटीन. त्यांचा वास जातो तो असा: उकळत्या पाण्यात मिठासकट पाच मिनिटं, दोनदा पिळून, मग ओल्या खोबऱ्याचं वाटप आणि त्रिफळं. घरच्यांना फणसाची भाजी वाटली. (वाटली नसेल, पण खाल्ली.) एवढं करून माझे ऐंशी ग्रॅम होतात आणि कार्ब ११०-१२०. वजन माझं ६१. तेवढं पुरतं. दीड वर्षात कमरेचे आठ सेंटीमीटर गेले. सावकाश गेले, पण गेले.

उपासाचं मात्र कुणी नीट बोलत नाही. संकष्टीला दिवसभर 'काही नाही हो, थोडीशी खिचडी'. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाही नाही. लो-कार्ब करणाऱ्याने चतुर्थी धरली तर दही, शेंगदाण्याची आमटी, ताक यावर धरावी. देवाने साबुदाणा खा असं कुठे सांगितलंय? तो आपल्याकडे आलाच मुळी बाहेरून.

---

गलबत

@आगरातली, रडगाणं कबूल. सोयाची भाजी या रविवारी करतो. त्रिफळं ही कल्पना आवडली.

@नाचणीसत्त्व, रॉकेल संपल्यासारखं, अगदी तसंच.

---

देवबागची_होडी

मासे बंद असं म्हणू नका. बंदी यांत्रिक बोटींना आहे, बिनइंजिनाच्या होड्यांना नाही. खाडीत पाग टाकणारे टाकतातच. तिसऱ्या, मुळे, कालवं आहेत. आणि सुकं काय झालं? आमच्याकडे मे महिन्यात डबे भरलेले असतात ते याच्यासाठीच. सुके बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा.

ताजा बोंबील हा पाण्याचाच मासा, तव्यावर टाकला की अर्धा होतो. तोच वाळवला की निम्म्याहून जास्त प्रोटीन. पन्नास ग्रॅम सुके बोंबील भाजून कांदा-खोबऱ्यात टाकले की तुमचे पंचवीस-तीस ग्रॅम झाले. चार अंड्यांच्या वर.

आणि एक, ताजी मासळी परत सुरू झाली की रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तळू नका. लोक म्हणतात मी तर फक्त मासे खातो. त्या चार तुकड्यांवर पीठ किती आणि त्याने तेल किती प्यायलं ते कोण बघतो. हळद-मीठ-कोकमाचं आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात, किंवा केळीच्या पानात. बांगड्याला तर तेलही कमी लागतं, त्याचं त्यालाच सुटतं.

---

हिशेबी

ताजा बोंबील पाण्याचा मासा हे मान्य, पण 'अर्धा होतो' हे तुम्ही तवा नीट तापवत नाही म्हणून. फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबून ठेवला की

---

देवबागची_होडी

हिशेबींनी कॅलरी मोजाव्यात, बोंबील आमच्यावर सोडावा.

---

स्टेथोस्कोप

सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो. बोंबलाच्या भांडणात पडत नाही, पण सुक्या मासळीवरून लिहावंसं वाटलं.

खारा बांगडा म्हणजे मिठाचा खडा. रक्तदाब असेल तर तो रोजचा प्रोटीनचा मार्ग नव्हे. सुके बोंबील आणि सोडे त्यामानाने बरे, पाण्यात भिजवून पाणी टाकून घ्या. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, पायाचा अंगठा सुजण्याचा इतिहास असेल, तर जवळा, सुकट, तारली, बांगडा जपून. त्यात किटोच्या पहिल्या काही आठवड्यांत युरिक ॲसिड आणखी चढतं, कारण कीटोन (चरबी जळताना तयार होतात ते) आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर पडायला एकाच दारात धक्काबुक्की करतात. दर वर्षी असा एखादा पेशंट येतोच: नवीन डायट, रोज सुकट, आणि तिसऱ्या आठवड्यात लंगडत.

आता महत्त्वाचं, आणि हे वाचून कुणी तरी थांबावं म्हणून लिहितोय. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने भात बंद करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेत असाल आणि कार्ब एकदम छाटलेत, तर साखर धोकादायक खाली जाते. डोस आधी कमी करावा लागतो. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर कडक लो-कार्ब केलं तर कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लयुक्त होणं) होऊ शकतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मशीनवर आकडा ठीक दिसतो आणि माणूस उलट्या करत, धापा टाकत येतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच: मीठ-पाणी निघून गेलं की प्रेशर उतरतं, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी विचारा.

हे सगळं वाचून लो-कार्बवाल्यांना मी शत्रू वाटेन, तसं नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि सगळ्यांत वर होतं आपलं शेजारचं गोवं, २६.४ टक्के. ताट आमचं आणि त्यांचं फार वेगळं नाही. तिथल्या भाताचा डोंगर अर्धा झाला तर मला आनंदच आहे. फक्त त्या जागी खोबरेल आणि तुपाचा डोंगर नको. काही जणांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) अशा आहारात चांगलंच उडी मारतं. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी लिपिडची रक्ततपासणी करून घ्या.

गलबत, तुमची शेवटची शंका: कार्ब आणखी कमी करू का? माझ्या मते नको. ८९ वरून ८१.५, साधारण सोळा आठवडे, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. ताकद वाढलेली. याहून चांगलं काय हवंय?

---

नाचणीसत्त्व

स्टेथोस्कोप यांना अनुमोदन. कापायचंच असेल तर खोबऱ्यातून कापा. घरी वाटपाला रोज किती नारळ लागतो?

---

गलबत

चार माणसांत रोज अर्धा. पण आता मी खवणीपासून लांब बसतो. सोलकढीही पातळ केली, दुसऱ्या-तिसऱ्या दुधाची.

---

गजालीकार

दुसऱ्या दुधाची सोलकढी! डायट म्हणान असता काय काय करूक लागता. आमच्याकडे ती पाहुण्यांक पण देणत नाय.

---

चाकरमानी_डोंबिवली

प्रोटीनचा आकडा नक्की किती धरायचा? जिममधला ट्रेनर म्हणतो २५० ग्रॅम, आणि प्रोटीन पावडरचा डबा पण त्याच्याकडूनच घ्यायचा.

---

नाचणीसत्त्व

डबा त्याच्याकडूनच घ्यायचा यातच उत्तर आलं. किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धरा. तूट मोठी असेल तर २ पर्यंत. गलबतभाऊंसाठी १३० ते १६०. त्यापुढचं प्रोटीन महागडी कॅलरी आहे, बाकी काही नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट (जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेतलं तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. पण काट्यावर किलोभर पाणी दिसेल, तेव्हा घाबरून भात सोडू नका.

---

गलबत

सगळ्यांचे आभार. श्रावणासाठी कागदावर मांडलंय ते असं. कंसात प्रोटीनचे ग्रॅम. सकाळी व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप ताकात (२४). दुपारी पनीर १०० ग्रॅम (१८), उसळ दोन वाट्या (१५ धरतो), भात एक वाटी. साडेपाचला पेज. रात्री सोया ५० ग्रॅम (२५), बांधलेलं दही (१५). झोपताना अर्धा स्कूप दुधात (१६). पेज, भात, ताक यांतून मिळतं ते किरकोळ धरून एकशे वीसच्या आसपास. कार्ब १३०-१४० होणार. बघू. अंडी दुकानात उकडायचा विचार होता, पण आईला वास येतो. दोन मैलांवरून येतो.

गटारीला मात्र देवबागच्या होडीकडून सोडे मागवतोय.

---

गलबत

धागा वर काढतो, मंडळी. अनंत चतुर्दशी झाली.

श्रावणात कंबर ९३ ची ९१ झाली, वजन फक्त किलोभर उतरलं. स्क्वॉट १०० वर टिकून, बेंच अडीच किलोने वर. पेजेऐवजी दोन दिवस केळं खाऊन पाहिलं, फरक जाणवला नाही, पण पेज पोटात बरी बसते. सोयाची भाजी तीनदा झाली. आई म्हणते ही कुठली फणसाची भाजी, पण खाते.

गणपतीचे पाच दिवस काही मोजलं नाही. मोदक पहिल्या दिवशी सात, नंतर आठवत नाहीत. विसर्जनानंतर काटा १.९ किलो वर होता. हिशेबींचं वाचलेलं होतं म्हणून गप्प बसलो. सहा दिवसांत १.६ उतरले. मोदकांनंतरच्या पहिल्या संध्याकाळी १०० चे पाच असे निघाले, जसं बारला कुणी खालून ढकलतंय.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्यात, पण बांगडा अजून महाग आहे.

---

आगरातली

शाब्बास. ते पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं काय झालं? माझ्या जावेने भात सोडलाय आणि रात्री ओरडत उठते. तुम्ही काय केलंत ते लिहिलंच नाहीत.

---

गलबत

राहिलंच की. कोकमाचं आगळ. एक मोठा चमचा, मोठा पेलाभर पाणी, जिरेपूड, साखर नाही. जिमच्या आधी एक आणि घामाच्या दिवसांत दुपारी एक. माझे गोळे चार दिवसांत थांबले. बाटली घरची असेल तर आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. बाजारातली घेत असाल तर लेबल वाचा, कोकम सरबत आणि आगळ शेजारीशेजारी ठेवतात आणि सरबतात निम्मी साखर असते. जावेला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी स्टेथोस्कोप काय म्हणतात ते वर बघा.

---

आगरातली

गोळी चालू आहे. उद्या तिला घेऊन डॉक्टरकडे जाते, मग आगळाची बाटली काढते.